शिरोड्याचं जाडं मीठ: चार तारे

शिरोड्याच्या मिठागरावरून पाच किलो जाडं मीठ आणलं. खडे करकरीत, किंचित राखाडी. तळाशी माती निघते, धुऊन वाळवावं लागतं, म्हणून एक तारा कापला. पण कैरीच्या लोणच्याला याला तोड नाही.

विकणारा म्हणाला, ‘‘ताई, खायला म्हणून देत नाही हां.’’ आयोडीन नसलेलं मीठ थेट खाण्यासाठी विकायला बंदी आहे. मला हसूच आलं. १९३० साली याच गावात लोकांनी मीठ उचलून कायदा मोडला, तुरुंगात गेले. आमचे मामाआजोबा तेव्हा सरकारी कारकून. सत्याग्रहाला गेले नाहीत, पण ते मीठ गुपचूप घरात घेतलं. ‘धड इकडे ना तिकडे’ म्हणून आजी त्यांना शेवटपर्यंत छळायची.

आताची बंदी गलगंड टाळण्यासाठी आहे, ती मला पटते. त्यामुळे आमटीत पुडीतलंच घालते. लोणच्यात मात्र हेच.