ब्योमकेश बक्शी, दर शनिवारी एक भाग: मालिकेला पाच तारे, अ‍ॅपला एक (तोही नाइलाजाने)

रिन्यूअलची तारीख जवळ आली की या अ‍ॅपवाल्यांचे मेसेज फार गोड होतात. त्या गोडीत राग निवळायच्या आत लिहून टाकते.

घरात रात्र-रात्र मालिका बघून संपवल्या जातात आणि महिन्याभरात कुणाला काही आठवत नाही. म्हणून नियम केला की शनिवारी जेवणं आटोपली की एकच भाग बघायचा आणि त्यावर बोलणं झाल्याशिवाय पुढचा लावायचा नाही. मालिका सासूबाईंनी निवडायची होती. त्यांनी क्षणभरही विचार न करता 'ब्योमकेश बक्शी' सांगितलं, दूरदर्शनवरची १९९३ ची हिंदी गुप्तहेर मालिका. मंडळी म्हणजे आम्ही घरचे, नणंद आणि वरच्या मजल्यावरचे काका. फुकट अपलोड शोधले तर मिळतात, पण आवाज खरखरतो. आमच्या सासूबाईंना एका कानाने कमीच ऐकू येतं, म्हणून एका अ‍ॅपचे वर्षभराचे पैसे भरले. इथेच फसलो.

पहिला भाग, 'सत्यान्वेषी'. मेसमध्ये (म्हणजे भाड्याने राहायच्या खानावळीत) अतुलबाबू म्हणून ब्योमकेश येतो आणि ते काम करणारा रजित कपूर चक्क जाडा! नवरा म्हणाला, धोतरात माणूस जाड दिसतोच. मग ब्योमकेशचा मित्र अजित झालेला के. के. रैनाही जाड, दारात उभा असलेला नोकरही जाड, आणि भिंतीवरचं गोल घड्याळ अंड्यासारखं. चित्र ताणलेलं होतं. त्या काळचं दूरदर्शन ४:३ चौकटीतलं (रुंदी चार, उंची तीन), आताचे टीव्ही १६:९. अ‍ॅपवाल्यांनी दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या नकोत म्हणून सगळ्यांना आडवं ओढलं. हिशेब केला तर प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो. कलकत्त्याच्या मेसमधली माणसं इतकी खात्यापित्या घरची नव्हती हो.

तक्रार केली. उत्तर आलं, अ‍ॅप अपडेट करा. केलं. मग म्हणे टीव्ही बंद करून चालू करा. केला. मग म्हणे ओरिजिनल कंटेंट असाच आहे. मी लिहिलं, १९९३ साली हे आमच्या घरी बघितलंय, तेव्हा घड्याळं गोल होती. त्यावर तक्रार 'सोडवली' म्हणून बंद झाली आणि 'आमची सेवा कशी वाटली?' असा मेसेज आला.

उपाय भाच्याने शोधला. टीव्हीच्या आतल्या अ‍ॅपमध्ये चित्राचा आकार बदलता येत नाही, पण तेच अ‍ॅप लॅपटॉपवर लावायचं, एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडायचं आणि टीव्हीच्या रिमोटवरून पिक्चर साइझ ४:३ करायची. ताणलेलं परत आत दाबलं जातं आणि माणसं माणसांसारखी दिसतात. केबलचे पैसे वेगळे गेले. ज्यांच्याकडे हाच त्रास आहे त्यांनी हे आधी करावं, कस्टमर केअरच्या नादी लागू नये.

आता मालिकेबद्दल. सुरुवातीचे दोन-तीन भाग मला संथ वाटले. सगळं बैठकीच्या खोलीत, चहा, सिगरेट, बोलणं. आठवड्याला एकच भाग ठेवल्यावर मात्र तो संथपणाच कामी आला, कारण विचार करायला जागा मिळते. आम्ही उकल सुरू व्हायच्या जरा आधी थांबवतो, प्रत्येकाने खुन्याचं नाव चिठ्ठीवर लिहायचं, पाच-पाच रुपये मध्ये. सासूबाईंना खुनी आधीच आठवतो, म्हणून त्यांना बंदी. त्या पैसे सांभाळतात आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नाहीत. 'रास्ते का काँटा'मध्ये (न पाहिलेल्यांनी हे वाक्य सोडा) सायकलच्या घंटीतून ग्रामोफोनची पिन सुटून माणूस मरतो, यावर काका आणि भाचा बारा वाजेपर्यंत भांडले. भाच्याला मुळात ग्रामोफोनची पिन किती मोठी असते तेच माहीत नव्हतं. 'सीमंत हीरा'मधला हिरा नटराजाच्या मूर्तीत आहे हे मात्र नणंदेने बरोबर ओळखलं आणि त्या रात्री सगळे पैसे घेऊन गेली.

जिथे ब्योमकेश पडद्यामागे जाऊन काहीतरी शोधून येतो आणि शेवटी एकदम सांगतो, त्या भागांना आम्ही 'फाउल' म्हणतो. पैसे परत. असे भाग आहेत, मालिकेवर कितीही जीव असला तरी.

अजितबद्दल मात्र माझं मत पार बदललं. लहानपणी तो नुसता मागे मागे फिरणारा वाटायचा. आता दर आठवड्याला चर्चा करताना लक्षात येतं की आपल्याला पडलेला प्रश्न तोच विचारतो, आणि के. के. रैना तो प्रश्न जरासा ओशाळून विचारतात म्हणून तो बावळट वाटत नाही. 'मकड़ी का रस'मध्ये तो एकटाच तपासाला जातो, तो भाग आमच्याकडे सगळ्यांचा लाडका. आपली सुकन्या कुलकर्णी ब्योमकेशची बायको सत्यवती झाली आहे याचा सासूबाईंना दर वेळी नव्याने आनंद होतो.

काकांनी मध्येच माहिती पुरवली की हे सगळं लिहिणारे शरदिंदु बंद्योपाध्याय मुंबईच्या सिनेमात नोकरीला होते, त्या काळात पंधराएक वर्षं त्यांनी ब्योमकेशला हातच लावला नाही, आणि १९५२ पासून ते पुण्यात राहायला आले. म्हणजे ब्योमकेशच्या नंतरच्या बऱ्याच कथा आपल्या पुण्यात लिहिल्या गेल्या. शिवाजी महाराजांच्या काळातल्या सदाशिव नावाच्या पोराच्या गोष्टीही त्यांनी बंगालीत लिहिल्या. हे ऐकल्यावर सासूबाईंनी काकांच्या चहात साखर जास्त घातली.

मग आला १९९७ चा दुसरा सीझन. मला वाटलं आता केबल आहे, काळजी नाही. पण इथे त्यांनी ताणायच्या ऐवजी कापलंय! वरून आणि खालून मिळून पाव चित्र गायब. आत दाबून उपयोग नाही, कारण जे गेलं ते गेलंच. रहस्यमालिकेत हे कसं चालेल? माणूस चिठ्ठी वाचतोय आणि चिठ्ठी चौकटीबाहेर. टेबलावर काय ठेवलंय ते फक्त ब्योमकेशला दिसतंय. 'आदिम शत्रु' दोन भागांचा, दंगलीतलं कलकत्ता, मालिकेतल्या सगळ्यात वजनदार कथांपैकी एक, आणि आम्ही उभ्या माणसांचे कपाळ नसलेले चेहरे बघतोय. त्या रात्री सगळ्यांच्याच चिठ्ठ्या चुकल्या. पैसे परत दिले, फाउल अ‍ॅपचा धरून.

नवरा म्हणतो, एवढ्याशा गोष्टीचं किती धरून बसतेस, कथा तर कळते ना. कळते. पण पैसे पूर्ण चित्राचे घेतलेत, पाऊण चित्राचे नाही.

घ्यायचं ठरवत असाल तर पहिला सीझन लॅपटॉप आणि केबलने बघा, आठवड्याला एकच भाग, चार-पाच माणसं जमवून. दुसऱ्या सीझनसाठी या अ‍ॅपला पैसे देऊ नका. आमच्या काकांनी कुठूनतरी जुना डीव्हीडी संच मिळवलाय, दोन तबकड्या अडकतात, पण माणसांना कपाळं आहेत. उरलेले भाग त्यावर चाललेत. ऑटो-पे मी कालच बंद केलं.