पूहोल्स गेला, काब्रेरा राहिला

2011ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलचं अजिंक्यपद, आमच्या सेंट लुईस कार्डिनल्सने जिंकलं आणि आमचा फलंदाज अल्बर्ट पूहोल्स संघ सोडून एंजल्स संघाकडे गेला. 10 वर्षं, 24 कोटी डॉलर! आम्हा कार्डिनल्सवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिशेबाने बघाल तर सुटलोच. आमच्याकडे 11 हंगामांत 445 होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके), तिकडे जवळपास तेवढ्याच काळात 222, आणि 2021मध्ये हंगाम सुरू असतानाच हातात नारळ.

डेट्रॉइटच्या संघाने उलटं केलं. 2014मध्ये आपल्या फलंदाजाला, मिगेल काब्रेराला, कराराची 8 वर्षांची मुदतवाढ दिली, 24.8 कोटींची. पुढे गुडघ्याने दगा दिला, होमरन आटले. पण कारकिर्दीतला 3000वा हिट (बेसवर पोचवणारा फटका) त्याने घरच्या मैदानावर मारला. त्याचा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू?

तरी मला पूहोल्सचं जाणंच पटतं. 2019मध्ये तो एंजल्सकडून आमच्या बुश स्टेडियमवर आला, आमच्याच पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) होमरन ठोकला, आणि आमचेच लोक उभे राहून टाळ्या पिटत राहिले. त्याला डगआउटमधून पुन्हा बाहेर यावं लागलं. काब्रेराच्या नशिबी हे नव्हतं. 2022मध्ये पूहोल्स आमच्याकडे परतला, 24 होमरन मारले. कारकिर्दीतला 700वा होमरन मात्र लॉस एंजेलिसमध्ये गेला, ती चुटपुट आहेच.