ऑडिटचं जुनं सॉफ्टवेअर: सुधारून घ्यायचं की नव्यानं बांधायचं?

कोल्हापूरच्या शाहूपुरीत सहकारी संस्थांचं ऑडिट करणाऱ्या एका ऑफिसात परवा दोन कोटेशनं पुढ्यात घेऊन बसलो होतो. एक आहे तेच सुधारून देणारं, दुसरं सगळं नव्यानं लिहून देणारं. रकमेतला फरक बघायच्या आधी मी डेटाबेस उघडायला लावला.

रकमेचा कॉलम ‘फ्लोट’ निघाला, म्हणजे मोठे आकडे अंदाजे साठवणारा. चार बाइटच्या फ्लोटमध्ये 1,67,77,217 रुपये ठेवले की ते 1,67,77,216 होतात. पतसंस्थेच्या ठेवी कोटीत असतात, त्यामुळे तेरीज (जमा-नावेची बाकी ताडायचा तक्ता) एका रुपयानं अडते आणि पोरं रात्री नऊपर्यंत किर्द-खतावणी ताडत बसतात. दिसायला भयंकर, पण हे सुधारण्यातलं काम आहे. कॉलम ‘डेसिमल’, म्हणजे पैशापर्यंत अचूक आकडा ठेवणारा, करायचा आणि जुन्या शिल्लका छापील ताळेबंदाशी पडताळून घ्यायच्या.

जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली सभासदांची नावंही तशीच. युनिकोडमध्ये आणली की ‘पाटील’ शोधल्यावर पाटील सापडतात. जोडाक्षरं मात्र माणसानं डोळ्यांखालून घालावीच लागतात.

सुधारण्याच्या बाजूचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे नियम. थकबाकीची वर्गवारी, संस्थेचा ऑडिट वर्ग (अ, ब, क, ड) ठरवणारे गुण, दोष दुरुस्ती अहवालात (ऑडिटमधल्या चुका कशा सुधारल्या ते सांगणारा संस्थेचा अहवाल) पुढं ओढायचे मुद्दे, हे सगळं ऑडिटरांनी सांगत सांगत त्या कोडमध्ये बसवलेलं असतं, आणि बऱ्याचदा ते दुसरीकडं कुठंच लिहिलेलं नसतं. नव्यानं लिहिताना त्यातलं एखादं सुटतं. सहकारी संस्थांचं ऑडिट वर्ष संपल्यावर चार महिन्यांत व्हायचं असतं, म्हणजे ते सुटलेलं नेमकं जुलैत सापडणार.

मग नवं कधी बांधायचं? जुनी नोंद बदलली की आधीचा आकडा पुसला जात असेल तेव्हा. डेटाबेसला ट्रिगर (नोंद बदलली की आपोआप चालणारा छोटा कोड) लावून जुना आकडा राखता येतो, पण सगळे स्क्रीन एकाच लॉगिननं डेटाबेसशी बोलत असतील तर बदल कुणी केला ते ट्रिगरला कळत नाही. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला बदलांचा माग ठेवणं सक्तीचं आहे. तो ऑडिटरनं तपासायचा आणि स्वतःच्या शेऱ्यांचा माग मात्र ठेवायचा नाही, हे मला पटत नाही. सॉफ्टवेअर पीएचपी 5.6 वर (पीएचपी ही वेब प्रोग्रॅमिंगची भाषा) चालणारं असेल, तर त्याच्या सुरक्षा दुरुस्त्या 2018 अखेर थांबल्यात. तिथं नुसत्या रंगरंगोटीला पैसे घालू नका.

सर्व्हर तळमजल्यावर असेल तर तो आधी हलवा, कोटेशन कुठलंही घ्या. 2021 चा पूर जुलैतच आला होता.

त्या ऑफिसाला मी सांगितलं: लॉगिन आणि नोंदी-शेऱ्यांचा भाग नवा लिहून घ्या, अहवाल आणि गुणांचं गणित आहे तसं ठेवून एकेक करून हलवा. काम ऑक्टोबरात सुरू करा, आणि मागच्या वर्षाच्या दहा संस्था दोन्हीकडं चालवून आकडे पैशापर्यंत जुळल्याशिवाय जुनं बंद करू नका.