आईच्या नाकावरची गाठ: मोह्स सर्जरीचा आमचा अनुभव

नाक, पापणी, कान इथे बेसल सेल कार्सिनोमा (त्वचेचा एक कॅन्सर) असेल, तर मोह्सचा, म्हणजे थर काढत लगेच तपासत जाणाऱ्या सर्जरीचा, खर्च आणि प्रवास सोसावा, असं माझं ठाम मत आहे.

आईच्या नाकपुडीच्या कडेला काळपट पुळी होती. आमच्या भागातल्या एका दवाखान्यात तीळ म्हणून ती कॉटरीने जाळली, बायोप्सी न करता. वर्ष सरता सरता ती परत आली, खपली निघाली की रक्त यायचं. तो तीळ नव्हता, बेसल सेल कार्सिनोमाच होता. आपल्या सावळ्या कातडीवर हा कॅन्सर बऱ्याचदा काळाच दिसतो. म्हणून जाळण्याआधी तुकडा तपासायला पाठवा, हे मी सगळ्यांना सांगत असते.

सांगलीच्या सर्जननी साधं एक्सिजन सुचवलं: भोवतीची चांगली कातडी घेऊन गाठ काढायची, टाके घालायचे, रिपोर्ट नंतर. पाठीवर, दंडावर ते उत्तम. लहान, साध्या गाठींना 4 मिलिमीटरची कड बहुतेक वेळा पुरते. पण परतलेल्या गाठीला जास्त कड लागते आणि नाकपुडीवर तेवढी कातडी आणायची कुठून? शिवाय लॅबमध्ये पावाच्या स्लाइससारखे उभे काप घेतात, दोन कापांच्या मधली कड न तपासताच राहते.

मोह्समध्ये पातळ थर काढून गोठवतात आणि आडवे काप घेतात, त्यामुळे सगळी कड आणि तळ मायक्रोस्कोपखाली दिसतो. जिथे कॅन्सर उरलाय, तिथूनच पुढचा थर. नेदरलँड्समधल्या तुलनेत चेहऱ्यावरच्या परतलेल्या गाठी 10 वर्षांत एक्सिजननंतर 13.5 टक्के, तर मोह्सनंतर 3.9 टक्के पुन्हा उगवल्या. हा आकडा वाचून आम्ही मुंबई गाठली.

आई पूर्ण जागी होती, फक्त नाक बधिर केलेलं. थर काढला की पट्टी लावून बाहेर बसवायचे. दुसऱ्या थराला कड स्वच्छ आली, मग गालाची कातडी सरकवून जखम झाकली. सर्जरी करणाऱ्या मॅडम प्रत्येक वेळी नकाशा काढून आईला समजावत होत्या, ते मला फार आवडलं. दिवस मात्र पूर्ण जातो. मधुमेह असेल तर डबा आणि गोळ्या जवळ ठेवा.

मेलानोमाचं, म्हणजे त्वचेच्या दुसऱ्या, जास्त धोक्याच्या कॅन्सरचं, गणित वेगळं. तिथे जाडीनुसार साधारण 1 ते 2 सेंटिमीटर कड घेऊन रुंद एक्सिजन करतात.

मोह्स शक्य नसेल, तर सर्जनना फ्रोझन सेक्शनबद्दल (ऑपरेशन चालू असतानाच कड गोठवून तपासणं) विचारा. तेही नसेल, तर रिपोर्ट येईपर्यंत फ्लॅप (शेजारची कातडी सरकवून जखम झाकणं) करू नका, नुसती पट्टी ठेवा, असं स्पष्ट सांगा.