आवाज अगदी कमी ठेवा: काही महिने अँबियंट ऐकल्यानंतर

अँबियंट संगीत, म्हणजे लक्ष न मागता आसपासच्या आवाजांत मिसळून वाजत राहणारं संगीत, आता माझ्याकडे जवळपास रोज लागतं. कुणी विचारलं तर मी आधी व्हॉल्यूमबद्दल सांगते. पंख्याची घरघर, भांड्यांची खणखण, रस्त्यावरच्या गाड्या हे सगळं त्यात मिसळलं पाहिजे, इतका तो कमी हवा. या संगीताची सुरुवातच तशी झाली. १९७५ साली अपघातानंतर ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो अंथरुणात पडून होता. हार्पची रेकॉर्ड फारच हळू आवाजात लागली होती, बाहेर पाऊस होता, आणि उठून आवाज वाढवण्याचं त्राण त्याच्यात नव्हतं. पावसातून मधूनच एखादा सूर वर यायचा. हेही ऐकणंच आहे, हे त्याला तिथे उमगलं.

त्याच्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' या अल्बममधला '२/१' हा भाग मी सर्वांत जास्त ऐकला. त्यात फक्त माणसांचे आवाज आहेत, 'आ'कारातले लांब स्वर. प्रत्येक स्वर टेपच्या वेगळ्या लूपवर, म्हणजे टोकं जोडून केलेल्या कड्यावर, फिरतो. एक साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा २६ ला जरा कमी असताना, तिसरा ३० च्या किंचित आत. लांबी जुळत नाही, म्हणून स्वर तेच असूनही त्यांची गाठ दर वेळी वेगळी पडते. कधी तीन एकदम येतात, कधी बराच वेळ कोणीच नाही. सम नाही, त्यामुळे मन समेची वाट बघत बसत नाही. कपड्यांच्या घड्या घालताना हे लावलं की हात आपोआप सावकाश होतात. एरवी ते काम मी कधी एकदा उरकते असं व्हायचं.

सगळ्यात मोठा फरक पडला तो दोन कामांच्या मधल्या वेळात. काम संपलं की हात सरळ फोनकडे जायचा. आता त्या वेळी मी ईनोच्याच 'डिस्क्रीट म्युझिक' या अल्बमचा अर्ध्या तासाचा पहिला भाग लावते आणि नुसती बसते. उजेड कमी होताना खोली कशी बदलते, हे मी इतक्या वर्षांत नीट पाहिलंच नव्हतं. मेल लिहिताना, हिशेब करताना हे संगीत छान साथ देतं. कविता वाचताना मात्र नको, तिथे शांतताच बरी. व्यायामाला तर अजिबात नाही.

हेडफोनवर मला ते रुचलं नाही. बाहेरचे आवाज तुटतात आणि निम्मी मजा तिथेच जाते. छोटा स्पीकर खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेला चांगला. इतक्या कमी आवाजात कानाला खर्ज फारसा ऐकू येत नाही, म्हणून ड्रोनवर, म्हणजे सतत चालू राहणाऱ्या खालच्या सुरावर, उभ्या असलेल्या रचना तिथे पोकळ वाटतात. पियानो, घंटा, गळा हे टिकतात. 'झोपेसाठी', 'एकाग्रतेसाठी' अशा तयार प्लेलिस्ट मी सोडून दिल्या. दोन-तीन मिनिटांचे तुकडे एकामागून एक येतात, आणि प्रत्येक सांध्यावर लक्ष पुन्हा जागं होतं. फुकटच्या ॲपमध्ये मध्येच जाहिरात आली तर विचारूच नका.

नव्याने ऐकणाऱ्यांनी जपानी संगीतकार हिरोशी योशिमुराच्या १९८२ च्या 'म्युझिक फॉर नाइन पोस्ट कार्ड्स'पासून सुरुवात करावी. टोकियोच्या हारा म्युझियममध्ये वाजलेलं हे संगीत ईनोपेक्षा जास्त सुरेल आहे, कीबोर्डवरचे छोटे छोटे तुकडे आहेत, आणि भरपूर मोकळी जागा. सकाळी, घर पुरतं जागं व्हायच्या आत लावून बघा.