पान सर्व्हरवर बनवायचं की ब्राउझरमध्ये?

नवं वेब ॲप्लिकेशन हाती घेतलं की पहिल्याच आठवड्यात एक निर्णय घ्यावा लागतो आणि तो पुढे कित्येक वर्षं पाठ सोडत नाही. जँगो, रेल्स किंवा लाराव्हेलसारखं सर्व्हरवर चालणारं फ्रेमवर्क घेऊन पानं सर्व्हरवरच तयार करायची आणि ब्राउझरला आयतं एचटीएमएल द्यायचं? की सर्व्हरने फक्त जेसन, म्हणजे नुसता डेटा, पाठवायचा आणि स्क्रीन रिॲक्ट, व्ह्यू किंवा अँग्युलर अशा जावास्क्रिप्टच्या साधनाने ब्राउझरमध्ये उभी करायची, म्हणजेच सिंगल पेज ॲप करायचं? मी दोन्हीकडे काम केलंय आणि दोन्हीकडचे बग रात्री बसून शोधलेत. त्यावरून जे कळलं ते सांगतो.

चर्चा सहसा वेगापासून सुरू होते. मी आधी वेगळं विचारतो: वापरणारा जे करतोय, ते सेव्ह होण्याआधी किती वेळ नुसतं स्क्रीनवरच राहतं? फॉर्म भरला, बटण दाबलं, नोंद डेटाबेसमध्ये गेली, यादी पुन्हा दिसली. इथे स्क्रीन म्हणजे डेटाबेसमधल्या ओळींचं चित्र आहे, ते सर्व्हरनेच काढावं. याउलट कोणी वेळापत्रक मांडतंय, तास इकडून तिकडे ओढतंय, दोन पावलं मागे जाऊन दुसरा पर्याय करून बघतंय आणि अर्ध्या तासाने सेव्ह करतंय, तर ते काम मुळातच ब्राउझरमध्ये घडतं. तिथे प्रत्येक हालचालीला पान रीलोड करायला लावणं म्हणजे वापरणाऱ्याचा छळ आहे. २००५ मध्ये गूगल मॅप्स आलं तेव्हा नकाशा नुसता ओढला की पुढचे तुकडे आपोआप येत होते. अशा कामाला ब्राउझरचीच पद्धत हवी, यात मला शंका नाही.

पण बहुतेक ॲप्लिकेशनमधली बहुतेक पानं नकाशासारखी नसतात. ती असतात याद्या, फॉर्म आणि तपशिलाची पानं. यादीचंच घ्या. वापरणाऱ्याने 'प्रलंबित' हा फिल्टर लावला, सातव्या पानावर गेला, एक नोंद उघडली, वाचली आणि बॅक दाबलं. सर्व्हरच्या पद्धतीत फिल्टर आणि पान क्रमांक यूआरएलमध्येच असतो, त्यामुळे तो होता तिथेच परत येतो. तीच लिंक सहकाऱ्याला पाठवता येते, दुसऱ्या टॅबमध्ये उघडता येते. यासाठी आपण काहीच केलेलं नसतं, ब्राउझर हे सगळं स्वतःच सांभाळतो.

सिंगल पेज ॲपमध्ये हे सगळं आपल्याला करावं लागतं, आणि घाईत राहून जातं. एका कामात आम्ही फिल्टर कॉम्पोनंटच्या स्टेटमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या त्या भागाच्या तात्पुरत्या मेमरीत, ठेवला होता. नोंद बघून मागे आलं की फिल्टर गायब आणि पुन्हा पहिलं पान. टेस्टिंगमध्ये कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण आमच्या टेस्ट डेटात सगळं एकाच पानावर मावत होतं. पुढे वापरणाऱ्यांकडे जाऊन शेजारी बसलो, तेव्हा दिसलं की एक बाई प्रत्येक नोंद उघडण्याआधी वहीत पान क्रमांक लिहून ठेवत होत्या. त्यांनी तक्रार केली नव्हती. सिस्टीम अशीच असते असं त्यांनी धरून चाललं होतं. तो प्रसंग मी अजून विसरलेलो नाही. दुरुस्तीत फिल्टर यूआरएलमध्ये आणला, यादी कॅश केली, स्क्रोलची जागा लक्षात ठेवली. म्हणजे ब्राउझर जे फुकट देत होता तेच हाताने पुन्हा बांधलं.

फॉर्मचंही तसंच. सर्व्हरच्या पद्धतीत सबमिट झाल्यावर ३०३ रीडायरेक्ट दिला, म्हणजे ब्राउझरला दुसऱ्या पानावर पाठवलं, की रिफ्रेश केल्याने तोच फॉर्म दुसऱ्यांदा जात नाही. व्हॅलिडेशन, म्हणजे भरलेली माहिती नियमात बसते का ही तपासणी, एकाच ठिकाणी लिहिलं तरी चालतं. सिंगल पेज ॲपमध्ये ते दोन्हीकडे लिहावं लागतं, कारण ब्राउझरकडून आलेल्या कशावरही सर्व्हरने डोळे झाकून विश्वास ठेवायचा नसतो. आणि काही महिन्यांतच दोन्हीकडचे नियम थोडेथोडे वेगळे होतात.

आता वेग. पहिलं पान दिसायला सर्व्हरची पद्धत सहसा पुढे असते, कारण जावास्क्रिप्टचं बंडल उतरून चालू होईपर्यंत थांबावं लागत नाही. एकदा ॲप उघडल्यावर आतल्या आत फिरायला मात्र ब्राउझरची पद्धत सरस ठरते. ट्विटरने २०१० मध्ये पानं ब्राउझरमध्ये बनवायला घेतली, २०१२ मध्ये ती सर्व्हरवर परत नेली आणि पहिलं पान उघडायला आधीच्या एक पंचमांश वेळ लागू लागला, असं जाहीर केलं. त्याच ट्विटरने २०१७ मध्ये मोबाईलसाठी ट्विटर लाइट रिॲक्टवर काढलं. उत्तर साधनांप्रमाणे आणि वापराप्रमाणे बदलतं, म्हणून दुसऱ्याचे आकडे बघून निर्णय घेऊ नका. आपलं पान साध्या फोनवर, मंद नेटवर्कवर उघडून बघा.

सिंगल पेज ॲप घ्यायचं ठरलंच, तर दोन दुखणी आधीच माहीत असू द्या. पहिलं डिप्लॉयचं. वापरणाऱ्याचा टॅब सकाळपासून उघडा असतो, दुपारी तुम्ही नवी आवृत्ती टाकता, जुन्या नावाच्या जावास्क्रिप्ट फायली सर्व्हरवरून जातात, आणि त्याने मेनूवर क्लिक केलं की कोरी स्क्रीन. जुन्या फायली काही दिवस राहू द्या आणि जुनी एपीआय, म्हणजे ब्राउझर जिथून डेटा मागवतो ती सर्व्हरची वाट, लगेच बंद करू नका. दुसरं मोठ्या आयडींचं. जावास्क्रिप्टमधला साधा आकडा ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे अचूक राहील याची खात्री नसते. सर्व्हरने १२३४५६७८९०१२३४५६७८ हा आयडी जेसनमध्ये आकडा म्हणून पाठवला, तर ब्राउझरमध्ये तो १२३४५६७८९०१२३४५६८० होतो. कुठेही एरर येत नाही, फक्त नोंद सापडत नाही, किंवा दुसऱ्याचीच उघडते. आयडी नेहमी स्ट्रिंग म्हणून पाठवा.

लॉगिनसाठी दोन्हीकडे माझं मत एकच: सेशन एचटीटीपी-ओन्ली कुकीमध्ये ठेवा, ती पानातल्या स्क्रिप्टला वाचता येत नाही. लॉगिनचं टोकन ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवलं, तर पानात घुसलेली कुठलीही स्क्रिप्ट ते वाचू शकते.

टीमकडेही बघा. दोन-तीन जणच असतील तर ब्राउझरकडचं फ्रंटएंड आणि सर्व्हरकडचं बॅकएंड असे दोन प्रकल्प, दोन बिल्ड, दोन ठिकाणच्या लायब्ररींचे अपडेट सांभाळताना नाकी नऊ येतात. त्यातही फ्रंटएंडची लायब्ररी आधी जुनी होते. २०१० मध्ये आलेल्या अँग्युलरजेएसचा, म्हणजे आजच्या अँग्युलरच्या आधीच्या अवताराचा, अधिकृत सपोर्ट २०२१ च्या अखेरीस संपला आणि त्यावर बांधलेली ॲप्लिकेशनं पुन्हा लिहिण्याची वेळ आली. मोबाईल ॲपही करायचं असेल, तर एपीआय नाहीतरी लागणारच आहे. मग ब्राउझरच्या पद्धतीचं पारडं जड होतं.

मधल्या वाटाही आहेत. एचटीएमएक्स किंवा रेल्सवाल्यांचं हॉटवायर घेतलं, तर सर्व्हर पानाचा एक तुकडा पाठवतो आणि ब्राउझरमध्ये तेवढाच भाग बदलतो. नेक्स्ट हे रिॲक्टवरचं फ्रेमवर्क घेतलं तर रिॲक्टच सर्व्हरवर चालतं, पण त्यात कोणता कोड कुठे चालतोय हे सतत डोक्यात ठेवावं लागतं. पहिल्याच प्रकल्पासाठी मी ते सुचवणार नाही.

अजून ठरत नसेल तर सर्व्हरपासून सुरुवात करा. आमच्या वेळापत्रकाच्या कामात तसंच केलं: लॉगिन, याद्या, अहवाल, सेटिंग सगळं सर्व्हरवर, आणि तास ओढून मांडायची ती एकच स्क्रीन रिॲक्टमध्ये. ती सर्व्हरच्याच पानात एका डिव्हमध्ये, म्हणजे एका चौकटीत, बसते, त्याच कुकीने चालते आणि तिला लागणाऱ्या एपीआय मोजून चार आहेत.