गाण्याचं ॲप, वर्षभर वापरून: आवाज झकास, ‘तुमच्यासाठी’ वैताग

तीन दिवसांनी पुढच्या वर्षाचे १,२०० रुपये कापणार, असा मेसेज सोमवारी आला आणि मी हिशोबाला बसलो. दिवसाला सव्वातीन रुपये पडतात. एवढ्यात अर्धा चहासुद्धा येत नाही, असं पोरगा म्हणतो. पण चहावाला मला कालचाच चहा गरम करून देत नाही.

आवाज, डाउनलोड, जाहिराती नसणं यावर लिहीत नाही. सगळीकडं छापलंय आणि ते खरं आहे. विश्रामबाग ते मिरज रोजची खेप, दुकानात (टायरचं आहे) दिवसभर स्पीकर चालू, एकदाही अडकलं नाही. तक्रार एकाच पानाची, ‘तुमच्यासाठी’.

मी भीमसेनांचा माणूस. पहिल्या आठवड्यात त्यांचे अभंग लावले, तेव्हापासून ते पान उघडलं की तेच अभंग. ‘सकाळसाठी’ तेच, ‘प्रवासासाठी’ तेच, पावसाचा फोटो लावून ‘पावसाळी’ म्हणूनही तेच. ताट बदललं, भाजी तीच! शेवटी कस्टमर केअरला लिहिलं, मला माहीत नसलेलं काहीतरी ऐकवा. उत्तर आलं, कृपया गाण्याचं किंवा गायकाचं नाव कळवा. अहो, नाव माहीत असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? चार मेल झाले. चौथ्यात ॲप काढून परत टाकायला सांगितलं. टाकलं. अभंग हजर.

मग ऑगस्टात चाचा आले. मिरजेत तंबोरे करतात. स्कूटरचं मागचं टायर बदलायचं होतं, आणि सीटवर पोत्यात गुंडाळलेला हा एवढा भोपळा बांधलेला. पंढरपूरकडचा, तंबोऱ्याचा. तो आधी उतरवून सावलीत ठेवला, मगच स्कूटर पोराच्या हातात दिली. स्पीकरवर भीमसेन चालू होते. थोडं ऐकून म्हणाले, “मालक, रोशनारा बेगम ऐकल्या का कधी?”

“कोण त्या?”

“खाँसाहेबांच्या शिष्या.”

मिरजेत खाँसाहेब म्हटलं की अब्दुल करीम खाँ, पुढं विचारायचं नसतं. १९३७ साली गेले, कबर दर्ग्याच्या आवारात. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य आणि भीमसेन सवाईंचे. म्हणजे ज्यांचं मी दिवसभर ऐकतो, त्यांच्या गुरूंची ही गुरुभगिनी! १९४८ साली पाकिस्तानात गेल्या. ॲपनं कधी नाव काढलं नव्हतं.

शोधायला घेतलं. देवनागरीत टाकलं तर शून्य. इंग्रजी अक्षरांत जोडून टाकलं तर कुणीतरी डीजे. चाचा म्हणाले, मधे जागा सोडा, ‘रोशन आरा’. तेव्हा आल्या. जुन्या तबकड्या, तीन-तीन मिनिटांच्या, वर खरखर. दुसरी लागली तेव्हा पोरगं हातात पाना धरून तसंच उभं राहिलं. माल गोदामात होता, काउंटरवर कधी आला नाही एवढंच.

इथं एक स्टार देऊन मोकळा होणार होतो. पण काल ॲपमधली ‘आधी ऐकलेलं’ यादी खाली सरकवत मार्चपर्यंत गेलो आणि जरा वरमलो. एका दुपारी त्यानं हिराबाई बडोदेकर लावल्या होत्या. खाँसाहेबांच्या कन्या, १९०५ सालचा जन्म, तोही मिरजेतलाच. पुढं ‘अर्धवट’ असा शिक्का. मीच ढकललेल्या, गिऱ्हाईक आलं असेल. असे सहा-सात शिक्के सापडले. पोरग्याचं म्हणणं, तू सोडून देतोस ते बघूनच ते शिकतं. ॲमेझॉनच्या लोकांनी २००३ साली अशी एक युक्ती छापून मांडली होती: गिऱ्हाइकाची गिऱ्हाइकाशी नाही, मालाची मालाशी जुळणी लावायची. हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं. बरोबर आहे, पण जे कुणीच घेत नाही, त्याची जुळणी कशाशी लागणार? गुरू कोण, घराणं कुठलं, हे त्या हिशोबात येतच नाही.

म्हणून फुकटातले दोन उपाय करून बघितले. मराठी विकिपीडियावर ‘अविशिष्ट लेख’ अशी कळ आहे, दाबलं की कुठलाही लेख उघडतो. पाचदा दाबलं, चारदा दोन ओळींचं गाव आलं. रेडिओ गार्डन मात्र झकास. पृथ्वीचा गोळा फिरवायचा, हिरव्या ठिपक्यावर थांबायचं, तिथलं रेडिओ स्टेशन लागतं. काल मंगोलियातलं लावलं, बातम्या होत्या की जाहिरात कळेना, तरी जेवण होईपर्यंत बंद केलं नाही. बायको म्हणाली, हे तुम्हाला कळतंय का? नाही. म्हणूनच तर.

आवाजाला चार स्टार, ‘तुमच्यासाठी’ला अर्धा, तोही हिराबाईंमुळं. ऑटोपे बंद केलं, त्यासाठी सहा ठिकाणी दाबावं लागलं. रोशनारांच्या तबकड्यांसाठी एकेक महिन्याचे पैसे भरून बघेन. पुढचं नाव चाचांनाच विचारायचंय, पण मीच बसवलेलं टायर आहे, दोन वर्षं तरी हलायचं नाही.